कारखाना येतो, जिल्हा तसाच राहतो

सप्टेंबर 2022 मध्ये वेदान्त आणि फॉक्सकॉन यांचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार हे जाहीर झाले आणि महाराष्ट्रात संताप उसळला. 1 लाख 54 हजार कोटींची गुंतवणूक आणि एक लाख रोजगार हे दोन आकडे त्या दिवसांत भाषणांतून आणि अग्रलेखांतून सारखे घुमत होते. पुढे 10 जुलै 2023 रोजी फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि ज्या रूपात त्या प्रकल्पाचा गाजावाजा झाला होता त्या रूपात तो कुठेच उभा राहिला नाही. पण माझा मुद्दा त्या फसलेल्या भागीदारीचा नाही. त्या सगळ्या वादात एक प्रश्न जवळजवळ कोणी विचारला नाही: हा कारखाना आला असता तर तो कोणाकडून काय विकत घेणार होता? वरच्या दोन आकड्यांचा साधा भागाकार केला तर एका रोजगारामागे दीड कोटींहून जास्त भांडवल पडते. एका माणसामागे इतके भांडवल लागणाऱ्या उद्योगात कुंपणाच्या आत फार हात लागत नाहीत. म्हणजे सगळी भिस्त कुंपणाबाहेर निर्माण होणाऱ्या कामावर राहते. आणि बाहेर किती काम निर्माण होईल हे आजूबाजूला कोणते धंदे आहेत, कोणाच्या मालकीचे आहेत आणि त्यांचे एकमेकांशी काय नाते आहे यावर ठरते. ‘आमच्या जिल्ह्याला एक मोठा प्रकल्प द्या, रोजगाराचा प्रश्न सुटेल’ हे म्हणणे गेली साठ वर्षे आपण खरे धरून चाललो आहोत. ते चूक आहे, असे मला वाटते.

आधी या म्हणण्याची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती मांडणारे लोक स्वार्थी नाहीत. विदर्भ, मराठवाडा, कोकण इथल्या माणसाने तीन पिढ्या पोरे पुण्या-मुंबईला जाताना पाहिली आहेत. त्याचे म्हणणे असे की, मागास भागात भांडवल नसते, उद्योजक नसतो, बाजार लांब असतो. म्हणून छोटे काही आपोआप उगवत नाही. बाहेरून एक मोठा उद्योग आणून बसवावा लागतो. त्याच्या पगारातून दुकाने चालतात, खाणावळी उघडतात, वाहतूक वाढते, आणि हळूहळू जिल्हा जागा होतो. राज्य सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून याच विचारावर उभी आहे: तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त. या विचाराला अर्थशास्त्राचाही आधार आहे. एन्रिको मोरेटी यांनी 2010 मध्ये अमेरिकी शहरांबद्दल दाखवले की, कारखानदारीतली एक नवी नोकरी त्या शहराच्या स्थानिक सेवांमध्ये सुमारे 1.6 नोकऱ्या निर्माण करते. हा आकडा आपल्याकडच्या वादातही वेगवेगळ्या रूपात ऐकू येतो. मात्र तो लागू पडायला एक गोष्ट गृहीत धरावी लागते. कामगार तिथेच राहतो, तिथेच खर्च करतो, आणि त्याला लागणारी वस्तू किंवा सेवा पुरवणारा माणूसही तिथेच असतो. कारखाना एका तालुक्यात, अधिकाऱ्यांची कुटुंबे दुसऱ्या शहरात, कंत्राटी मजूर परराज्यातून आलेला आणि त्याचा पगार गावी जाणारा, सुटे भाग तिसऱ्या जिल्ह्यातून येणारे, अशी स्थिती असेल तर तो गुणक गळून जातो. पाटाला पाणी सोडले, पण वाटेत सगळीकडे भगदाडे असतील तर शेवटच्या वाफ्याला काय पोहोचणार?

हे भगदाड कसे पडते हे सर्वांत स्पष्टपणे ज्याने दाखवले तो बेंजामिन चिनिट्झ. 1961 साली त्याने न्यूयॉर्क आणि पिट्सबर्ग या दोन शहरांची तुलना केली. पिट्सबर्ग म्हणजे पोलाद, न्यूयॉर्क म्हणजे त्या काळी प्रामुख्याने तयार कपडे आणि शेकडो लहान धंदे. चिनिट्झचे निरीक्षण असे की, एका शहरात उद्योग किती आहे याइतकेच तो कोणत्या घडणीचा आहे याला महत्त्व आहे. पोलादाचा प्रचंड कारखाना दुरुस्तीचे वर्कशॉप स्वतःच ठेवतो, वाहतूक स्वतः करतो, हिशेब आणि कायद्याचे काम स्वतःच्या कचेरीत करतो. त्यामुळे ही कामे बाहेर करणारा लहान धंदेवाला शहरात वाढत नाही. बँकांना मोठ्या कंपनीला कर्ज द्यायची सवय लागते. अनोळखी नवख्याला त्या दारात उभे करत नाहीत. आणि कंपनीत ठरावीक पगारावर जगलेल्या घरातला मुलगा पुन्हा कंपनीतच चिकटायचे बघतो. धंद्याची जोखीम घरात बघायलाच मिळत नाही. कपड्यांच्या धंद्यात उलट होते. शिलाई करणारा एक, काज-बटण करणारा दुसरा, कापड उधारीवर देणारा तिसरा. सगळे बाहेरून बाहेर. त्यामुळे कालपर्यंत दुसऱ्याकडे काम करणारा कारागीर उद्या चार यंत्रे भाड्याने घेऊन आपला धंदा मांडू शकतो. पुढे 1980 च्या दशकात पोलाद कोसळले तेव्हा पिट्सबर्गची जी अवस्था झाली, ती चिनिट्झने वीस वर्षे आधी ओळखलेल्या घडणीतूनच आली होती.

आता आपल्याकडे या. चंद्रपूर जिल्ह्याला मोठ्या उद्योगांपासून कोणी वंचित ठेवले असे म्हणता येणार नाही. कोळशाच्या खाणी आहेत. 2,920 मेगावॉटचे, राज्यातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक औष्णिक वीज केंद्र आहे. घुग्घुस, गडचांदूर इथे सिमेंट आहे, बल्लारपूरला कागद आहे, भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. प्रकल्प आणला की जिल्हा तरतो, हे खरे असते तर चंद्रपूर आज महाराष्ट्रातल्या पहिल्या चार औद्योगिक जिल्ह्यांत दिसले असते आणि तिथली तरुण पोरे नागपूरच्या आणि पुण्याच्या गाड्या भरून गेली नसती. जिल्ह्याच्या वाट्याला धूळ, राख, जड वाहनांनी खचलेले रस्ते आणि मर्यादित संख्येच्या कायम नोकऱ्या आल्या. या उद्योगांचे खरेदीचे निर्णय कुठे होतात ते पाहा. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपूरला, वीजनिर्मिती कंपनीचे मुंबईला. सिमेंट कंपन्यांची मुख्यालयेही जिल्ह्याबाहेर. खाण आणि वीज केंद्र हे असे उद्योग आहेत की त्यांचा माल एकाच ठिकाणी जातो आणि त्यांची यंत्रे जगभरातल्या मोजक्या कंपन्या बनवतात. मधल्या पायऱ्यांवर स्थानिक माणसाला उभे राहायला जागा फार थोडी. चिनिट्झच्या पिट्सबर्गचीच ही घडण आहे. ग्लेसर, केर आणि केर यांनी 2015 मध्ये अमेरिकी शहरांचे खाणींपासूनचे अंतर घेऊन हाच धागा तपासला. खाणींच्या जवळच्या शहरांत सरासरी कंपन्या मोठ्या, नवे उद्योजक कमी आणि पुढच्या दशकांत रोजगाराची वाढही कमी, असे त्यांना आढळले. त्या शहरांतली माणसे कमी हुशार होती म्हणून तसे झाले नाही, आणि चंद्रपूरची माणसेही कमी हुशार नाहीत. हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे, कारण ‘तिकडच्या लोकांत धंद्याची वृत्तीच नाही’ हे वाक्य पश्चिम महाराष्ट्रात फार सहज बोलले जाते. वृत्ती कामाच्या घडणीतून येते.

कोल्हापूरचे उदाहरण मला यासाठी महत्त्वाचे वाटते. या शहराला केंद्र सरकारचा कोणताही मोठा कारखाना मिळाला नाही, मुंबईसारखे बंदर नाही, कोळसा नाही. शाहू छत्रपतींनी 1906 मध्ये कापड गिरणी काढली आणि राधानगरीचे धरण हाती घेतले. पण पुढची कहाणी उसापासून सुरू होते. नदीकाठचे पाणी वर उपसायला पंप हवा, पंपाला ऑइल इंजिन हवे, गुऱ्हाळाला घाणा आणि काहील हवी. ही यंत्रे बिघडत, आणि दुरुस्त करणारे मिस्त्री शहरात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून इंजिने आणि सुटे भाग येणे अवघड झाले तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या हातांनी भाग बनवायला घेतले, मग इंजिनच बनवायला घेतले. त्यासाठी ओतकाम लागले, म्हणून फाउंड्री आली. पॅटर्न करणारे सुतार लागले, कोअर बनवणारे लागले, लेथवर टर्निंग करणारे लागले. शिवाजी उद्यमनगरच्या बोळांत ही कामे वेगवेगळ्या मालकांच्या शेडमध्ये वाटलेली होती. एकाकडे भट्टी, दुसऱ्याकडे मशीनशॉप, तिसऱ्याकडे फक्त ग्राइंडिंग. पुढे गावोगाव वीज पोहोचली, शेतकऱ्याने विजेची मोटर बसवली आणि ऑइल इंजिनाची मागणी ओसरली. एका मोठ्या इंजिन कारखान्याच्या भोवती वसलेले शहर तिथे बसले असते. कोल्हापूर बसले नाही, कारण तिथे उत्पादनापेक्षा कौशल्याचा साठा मोठा होता, आणि तो शेकडो मालकांत विखुरलेला होता. ओतलेला लोखंडी भाग इंजिनाला लागतो तसा मोटारीलाही लागतो, ट्रॅक्टरलाही, पंपाच्या कव्हरलाही. पुण्यात मोटार उद्योग वाढत होता. त्या गाड्यांचे कास्टिंग कोल्हापुरातून जाऊ लागले. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत पसरलेल्या सुमारे तीनशे फाउंड्री त्या बदलातून उभ्या आहेत. प्रत्येक वळणावर नवा धंदा जुन्याच्या शेजारचा होता, आणि म्हणून जुना कामगार त्यात सामावला गेला. या सगळ्यात बाहेरून आणलेले एकही जादूचे पाऊल नाही. मात्र सहकारी बँका होत्या, ज्यांचे संचालक त्या मिस्त्रीला नावाने ओळखत. आणि सोबत मोठा शेतकरी ग्राहक होता, ज्याच्या हातात उसाचा पैसा होता.

‘शेजारचा धंदा’ ही कल्पना अर्थशास्त्रातही नंतर पक्की झाली. आल्फ्रेड मार्शलने 1890 मध्ये एकाच धंद्याचे अनेक लोक एकत्र असण्याचे फायदे सांगितले होते. जेन जेकब्ज यांनी 1969 मध्ये त्याला उलट बाजूने उत्तर दिले: शहरे वाढतात ती वेगवेगळे धंदे एकत्र असल्याने, कारण नवे काम जुन्या कामाच्या पोटातून फुटते. ग्लेसर आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये 170 अमेरिकी शहरांतले 1956 ते 1987 या काळातले मोठे उद्योग तपासले आणि रोजगारवाढीला मदत करणाऱ्या दोन गोष्टी त्यांना सापडल्या: धंद्यांची विविधता आणि स्थानिक स्पर्धा, म्हणजे अनेक लहान मालक. एकाच धंद्यावरचा भर वाढीला पूरक ठरला नाही. 2007 मध्ये फ्रेन्केन, फान ऊर्ट आणि फेरबुर्ग यांनी नेदरलँड्सच्या आकड्यांवरून विविधतेचेही दोन प्रकार वेगळे केले. एकमेकांच्या जवळच्या धंद्यांची विविधता रोजगार वाढवते. दूरच्या, असंबद्ध धंद्यांची विविधता संकटात बेकारी रोखायला उपयोगी पडते. भारतातले जिल्हे घेऊन गनी, केर आणि ओ’कॉनेल यांनी नवे उद्योग कुठे उगवतात हे पाहिले. लोकांचे शिक्षण आणि मूलभूत सुविधा यांच्याबरोबरच त्या जिल्ह्यात आधीपासून कच्चा माल पुरवणारे आणि तशाच कौशल्याचे कामगार आहेत की नाहीत याला त्यांना मोठे वजन दिसले. इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की सगळे पुरावे एका दिशेने जात नाहीत. पिअर-फिलिप कोंब यांनी फ्रान्सच्या 341 विभागांचे 1984 ते 1993 चे आकडे तपासले तेव्हा सेवाक्षेत्रात विविधतेचा फायदा दिसला. कारखानदारीत मात्र विविधता बहुतेक उद्योगांना पोषक ठरली नाही. यावर बोट ठेवून कोणी म्हणेल की, मग तुमचा सिद्धान्त कोसळला. मला तसे वाटत नाही. कोंब यांचा काळ फ्रान्सच्या कारखानदारीच्या उतरणीचा होता; धंदाच आटत असताना त्याची कुठलीही घडण वाढ दाखवणार नाही. शिवाय त्या अभ्यासातूनही ‘एक मोठा कारखाना आणा’ हे उत्तर निघत नाही, कारण एकाच धंद्यावरचा भरही तिथे फायद्याचा ठरला नव्हता.

आता माझ्या बाजूवरचा सर्वांत गंभीर आक्षेप. लहान धंदे म्हणजे कमी पगार, असुरक्षित काम, बारा तासांची पाळी. हा रोजगार म्हणायचा का? सहाव्या आर्थिक गणनेनुसार देशात 5.85 कोटी आस्थापना आणि त्यांत 13.13 कोटी माणसे होती, म्हणजे एका आस्थापनेत सरासरी सव्वादोन. या बहुसंख्य आस्थापना कोल्हापूरच्या फाउंड्रीसारख्या नाहीत. त्या उपजीविकेच्या टपऱ्या आहेत. इचलकरंजीकडे पाहिले तर हा आक्षेप आणखी टोचतो. विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि आज शहरात लाखावर माग आहेत, लहान मालक हजारांनी आहेत, सायझिंग, वहिफणी, कांडी, प्रोसेस अशा वाटण्याही आहेत. तरीही मंदी आली की पहिला भुर्दंड खर्चीवाल्या मालकावर आणि त्याच्या कामगारावर पडतो. कारण खर्चीवाला दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीने कापड विणतो. दर त्याच्या हातात नाही, बाजार त्याच्या ओळखीचा नाही, आणि बराचसा माल कोरे ग्रे कापड म्हणून बाहेर जातो, रंगून आणि शिवून नव्हे. सोलापूरची चादर आणि टॉवेलही याच कोंडीत वर्षानुवर्षे आहेत. म्हणून ‘लहान ते चांगले’ असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे असे आहे की, लहान मालकांची गर्दी ही वाढीची पूर्वअट आहे, हमी नाही. त्या गर्दीला शेजारच्या कामात सरकता यावे लागते. इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग बनवणे, रंगाई, तयार कपडे, तांत्रिक कापड या दिशांना जितके पाऊल पडले तितका पगार सुधारला; जिथे शहर फक्त ग्रे कापडावर अडकले तिथे काम राहिले आणि मजुरी साचून राहिली. पगार वाढवायचा तर धंद्याची साखळी लांबवली पाहिजे. त्या जागी एखादा अवाढव्य कारखाना ठेवून ती लांबत नाही.

दुसरा आक्षेप औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. 1985 मध्ये बजाज ऑटोने वाळूजला कारखाना सुरू केला आणि त्या शहराचे रूप बदलले, हे कोणी नाकारू शकत नाही. मग मोठ्या प्रकल्पाने जिल्हा बदलत नाही हे म्हणणे टिकते का? टिकते, आणि वाळूजच त्याचा चांगला पुरावा आहे. दुचाकी हा असा माल आहे की तिचे शेकडो भाग कारखान्याबाहेर बनवता येतात. फ्रेम, सीट, केबल, प्लास्टिक, रबर, प्रेसचे भाग. म्हणजे या कारखान्याची घडणच विकत घेणाऱ्याची होती. आणि विकायला उभे राहणारे लोकही होते. चिकलठाणा औद्योगिक वसाहत आधीपासून होती. 1960 पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय दरवर्षी अभियंते देत होते, ज्यांपैकी अनेक जण शहरातच धंद्याच्या शोधात होते. दोन्ही बाजू जुळल्या आणि व्हेंडर म्हणून सुरू झालेल्या लहान कारखान्यांनी पुढे इतर कंपन्यांनाही माल द्यायला सुरुवात केली. त्याच शहराने दुसरी बाजूही पाहिली. चितेगावच्या व्हिडिओकॉनची दिवाळखोरीची प्रक्रिया 2018 मध्ये सुरू झाली आणि तिथला कामगार उघड्यावर आला. पण शहर उभे राहिले, कारण तोवर कामाची वाट एका गेटमधून जात नव्हती. पिंपरी-चिंचवडचेही तेच. सुमंत मूळगावकरांच्या टेल्कोने प्रशिक्षणशाळेतून जे कारागीर घडवले त्यांतले कित्येक नंतर भोसरीत स्वतःच्या शेडचे मालक झाले. एका मोठ्या कंपनीचे खरे देणे तिच्या नोकऱ्यांत जितके असते तितकेच ती सोडून गेलेल्या माणसांत असते, आणि ही माणसे जवळपास धंदा मांडू शकली तरच ते देणे जिल्ह्याला मिळते.

याच्या उलट दाभोळ पाहा. गुहागर तालुक्यात एन्रॉनच्या प्रकल्पावर राज्याने किती राजकारण, किती पोलीस, किती पैसा खर्च केला हे सगळ्यांना आठवते. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला आणि 2001 मध्ये बंद पडला. प्रकल्प आला, गेला, पुढे दुसऱ्या नावाने परत सुरू झाला. गुहागर-चिपळूणच्या मासळी, काजू, आंबा आणि प्रवासी वाहतुकीच्या अर्थव्यवस्थेशी त्याचा एकही टाका जोडला गेला नाही. यापेक्षा इथे जास्त लिहायची गरज नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. ‘कोल्हापुराकडे ऊस होता, औरंगाबादकडे कॉलेज होते, ज्या जिल्ह्याकडे काहीच नाही त्याने काय करायचे?’ गडचिरोली हे त्याचे जिवंत उदाहरण. सुरजागडच्या लोहखनिजावर कोनसरीला प्रकल्प उभा राहतो आहे, सरकार या जिल्ह्याला पोलादाचे केंद्र म्हणते आहे. हा प्रकल्प नको असे मी म्हणणार नाही; ज्या जिल्ह्याने हिंसा आणि उपेक्षा दोन्ही भोगल्या तिथे कायम नोकरीची किंमत बाहेरच्याने ठरवू नये. पण ‘काहीच नाही’ हे खरे नाही. गडचिरोलीत बांबू, तेंदू, मोह आणि भात आहे; शेजारच्या गोंदियाला भात गिरण्यांची परंपरा आहे. मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले, तेव्हा त्याच बांबूतून त्याच गावात पैसा आणि निर्णय दोन्ही राहू लागले. बांबू तोच, माणसे तीच. मालकीची घडण बदलली. पोलादालाही हीच कसोटी लावली पाहिजे. खनिज आणि स्पंज आयर्न ट्रकने बाहेर जाणार असेल तर तो दुसरा चंद्रपूर होईल. सळ्या, पत्रा, फॅब्रिकेशन, शेतीची अवजारे, भात गिरण्यांचे भाग, ट्रकांची बांधणी आणि दुरुस्ती अशा कामांचे पट्टे चामोर्शी-आष्टी परिसरात लहान मालकांकडे उभे राहिले तर गोष्ट वेगळी होईल. पहिल्या मार्गाला काहीच करावे लागत नाही. दुसऱ्या मार्गाला पहिल्या दिवसापासून नियोजन लागते.

चौथी गोष्ट माझ्याच बाजूच्या लोकांना सांगितली पाहिजे. धंद्यांची विविधता शहर वाचवते, पण माणूस वाचतोच असे नाही. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. गिरण्या संपल्या तरी मुंबई संपली नाही. बँका, चित्रपट, हिरे, सेवा यांच्यावर ती चालत राहिली. गिरणगावातला साचेवाला मात्र त्या नव्या मुंबईत कुठेच बसला नाही, कारण त्याच्या कौशल्याच्या शेजारी असे काम शहरात उरले नव्हते. म्हणून विविधतेचे समर्थन करताना ती शेजारच्या कामांची आहे का, हे तपासावे लागते. नुसती वेगवेगळ्या धंद्यांची बेरीज जिल्ह्याच्या आकडेवारीत सुंदर दिसेल, आणि तिच्या आत एक संपूर्ण पिढी हरवलेली असेल.

या सगळ्यातून धोरणाचे काय होते? आपल्याकडे मागासपणा मोजायची सवय दांडेकर समितीने 1984 मध्ये लावली. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांचा अनुशेष रुपयांत आणि किलोमीटरमध्ये काढला. ते काम मोठे होते आणि न्याय्य होते. पण त्याचा एक परिणाम असा झाला की जिल्ह्याला काय ‘दिले’ हेच आपण मोजत राहिलो; जिल्ह्यातल्या धंद्यांचे एकमेकांशी काय जोडले गेले हे मोजायला शिकलो नाही. सवलतींची रक्कम मुख्यतः जमीन-यंत्रांतल्या गुंतवणुकीच्या प्रमाणात ठरते आणि मेगा प्रकल्पाचा दर्जा गुंतवणुकीवर किंवा थेट नोकऱ्यांवर मिळतो. दोन्ही आकडे कुंपणाच्या आतले. स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्यांची अट आहे, पण तिथे स्थानिक म्हणजे राज्यात पंधरा वर्षे राहिलेला, जिल्ह्यातला नव्हे. केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांनी 25 टक्के खरेदी लघुउद्योगांकडून करावी असा नियम आहे. तो लघुउद्योग देशात कुठलाही चालतो. भरतीच्या अटीवर आपण मोर्चे काढले, खरेदीच्या अटीवर कधी नाही. आणि खरेदी हीच ती वाट आहे जिच्यातून मोठा उद्योग जिल्ह्यात मुरतो. कोणी म्हणेल की जिल्ह्यात माल मिळतच नसेल तर कंपनी घेणार कुठून. बरोबर, म्हणूनच सवलतीचा एक भाग कंपनीला न देता तिच्या संभाव्य पुरवठादाराला द्यावा लागेल: तयार शेड, चाचणीची प्रयोगशाळा, आयटीआयमध्ये त्या कारखान्याला लागणाऱ्या नेमक्या कामाचे प्रशिक्षण, बिल 45 दिवसांत मिळेल याची खात्री. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत हा कायदा 2006 पासून आहेच. तो पाळला जातो की नाही हे जिल्हा उद्योग केंद्राने दर तिमाहीला जाहीर करावे. ही केंद्रे 1978 पासून प्रत्येक जिल्ह्यात आहेत. आज त्यांच्याकडे बहुतेक लोक कर्जाच्या आणि अनुदानाच्या अर्जासाठी जातात. त्यांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या कारखान्याची खरेदीची यादी मागून घेऊन ती भिंतीवर लावली, तरी चंद्रपूरच्या फिटरला कळेल की आपल्या शेजारचे वीज केंद्र कोणता बुश, कोणता व्हॉल्व्ह, कोणती जाळी दरवर्षी बाहेरून मागवते. त्यातले चार भाग त्याला लेथवर आजही काढता येतील. उरलेल्यांसाठी काय शिकावे लागेल, कोणते यंत्र लागेल, हे तो त्या यादीवरून स्वतः ठरवील.